पूल उन्हाळ्यात पाहू नका: जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती.

विषय: कामे मंजूर करताना बदललेल्या पावसाचा आणि उन्हाचा विचार लेखी स्वरूपात करण्याबाबत.

स.न.वि.वि.

आमच्या गावाहून मुख्य रस्त्याला लागताना नाल्यावर एक रपटा आहे. आहे म्हणजे होता. सिमेंटच्या तीन नळ्या, त्यावर मुरूम, मुरुमावर काँक्रीटचा थर आणि दोन्ही बाजूंना चुना मारलेले दगड. आषाढातल्या एका रात्री पाऊस आला आणि पहाटे पाहतो तर नाला रपट्याखालून वाहायचा सोडून आमच्या वावरातून चाललेला. तिन्ही नळ्यांच्या तोंडाशी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, गठ्ठा अडकला होता. गेल्या हंगामातल्या त्या पऱ्हाट्या चुलीला इंधन म्हणून वरच्या शेतांच्या धुऱ्यांवर रचून ठेवलेल्या असतात. त्यात बाभळीच्या फांद्या, कुणाचा तरी ठिबकचा पाइप आणि खताची रिकामी पोती. पाणी आधी तुंबले, मग डाव्या बाजूने फुटले. आमची दीड एकर पऱ्हाटी गेली याचे दुःख झालेच, पण पऱ्हाटी पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. तिच्याखालची हातभर काळी माती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. तो थर माझ्या नातवंडांच्या हयातीतही परत यायचा नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, काठी टेकत पाहायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीनच नये टाकले का बावा? उन्हायात पाहून बांधला वाट्टे."

हे पत्र त्या एका वाक्यावरून लिहिते आहे.

तो रपटा बांधायचा ग्रामसभेत ठरला तेव्हा मी ग्रामपंचायत सदस्य होते आणि ठरावावर माझीही सही आहे. म्हणून कोणाकडे बोट दाखवण्याआधी हे सांगून टाकते. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली: शाळेची पोरे चिखलातून जातात, बाळंतिणीला खाटेवर न्यावे लागते, रपटा हवा. पाणी किती येईल हे कोणी विचारले नाही. मीही नाही. आराखड्याच्या तक्त्यात कामाचे नाव, जागा, अंदाजे खर्च आणि निधीचा स्रोत असे रकाने होते. पाण्याचा रकाना नव्हता, त्यामुळे तो प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणही नव्हते.

नंतर मी हिशेब करून पाहिला. शाळेत गणित बरे होते. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. आमच्या नाल्याच्या वर साधारण दोनशे हेक्टर शिवार आहे. त्या रात्री अंगणात ऑइल पेंटचा एक रिकामा डबा होता. सकाळी मुलीने त्यात कंपासपेटीतली पट्टी बुडवली, तर दहा सेंटीमीटरला जरासे कमी भरले. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण डबा सरळ बाजूंचा होता. म्हणजे शंभर मिलिमीटर धरले तर दोनशे हेक्टरांवर वीस कोटी लिटर पाणी पडले. काळी जमीन आधीच भिजून फुगलेली असली की आत घेत नाही. निम्मे जरी वाहून निघाले आणि ते तीन तासांत निघाले, तरी रपट्याशी सेकंदाला नऊ हजार लिटरांच्या वर पाणी येते. नऊशे मिलिमीटर व्यासाच्या तीन नळ्या तोंडापर्यंत भरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिल्या, तर चार हजार लिटरांच्या आत. पऱ्हाट्या अडकल्या नसत्या तरीसुद्धा हा रपटा बुडणारच होता.

आणखी एक गंमत. त्या रात्री महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटर भरलेच नाहीत. तो आमच्यापासून अकरा किलोमीटरवर आहे. अतिवृष्टी मानायला चोवीस तासांत ६५ मिलिमीटर लागतात, म्हणून पहिल्या यादीत आमचे मंडळ आलेच नाही. पाऊस आता असाच पडतो: एका शिवारात ढग फुटल्यासारखा आणि पलीकडच्या गावात नुसती भुरभूर.

एका निवृत्त उपअभियंत्यांकडे मी या नळ्यांबद्दल विचारायला गेले होते. भला माणूस. त्यांनी वहीच्या पानावर सूत्र लिहून दाखवले. लहान नाल्यांचा पूर काढायला डिकेनचे सूत्र वापरतात म्हणे, १८६५ सालचे. त्यात पाणलोटाचे क्षेत्र असते आणि एक गुणांक असतो. पाऊस किती, किती तासांत, हे त्यात कुठेच येत नाही. तो सगळा त्या गुणांकात मुरलेला, आणि गुणांक जुन्या अनुभवावरून ठरवलेला. "पाऊस जुन्यासारखा पडत होता तोवर चालून गेलं," ते म्हणाले.

तो आता तसा पडत नाही हे मी एकटी म्हणत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. आमच्या भाषेत सांगायचे तर आभाळाची घागर मोठी झाली आहे: भरायला वेळ लागतो, तोवर पावसाची दडी, दुबार पेरणीची भीती, आणि सांडते तेव्हा एकदम. मृगात पेरले आणि आर्द्रात उगवण करपली, पुढे त्याच वावरात श्रावणात गुडघाभर पाणी, हे एकाच हंगामात होते. मग त्याला दुष्काळी वर्ष म्हणायचे की ओले, हे पैसेवारी लावणाऱ्यांनाही कळत नसेल.

आता तुमच्याकडे येते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-झेडडीमध्ये तुमच्या समितीचे काम लिहून ठेवले आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ते आले. पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करायचे, आणि ते करताना पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी आणि पर्यावरणाचे रक्षण यांचा विचार करायचा. हे शब्द पर्यावरणवाल्यांनी नंतर घुसडलेले नाहीत, मूळ कलमातच आहेत. तुमच्या बैठकीच्या बातम्या मी वर्षानुवर्षे वाचते. निधी किती खर्च झाला, किती परत जाणार, ३०५४ या रस्त्यांच्या लेखाशीर्षातून कोणाच्या सर्कलमध्ये किती रस्ते, कोणाच्या शिफारशी डावलल्या. भांडणे जोरात होतात. पाण्याच्या वाटणीवरून भांडण झाल्याचे अजून वाचायला मिळाले नाही. टँकरचे होते, पण टँकर म्हणजे वाटणी चुकल्याची पावती.

एकत्र करणे म्हणजे नुसत्या बेरजा मारणे नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे. वरच्या गावाने पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून सिमेंटच्या नाल्या बांधल्या. गावठाणातले पाणी पूर्वी परसात, उकिरड्याभोवती, रस्त्याकडेला थांबत-झिरपत यायचे, ते आता घसरगुंडीवरून यावे तसे सुटते. त्याच गावाने गल्लोगल्ली गट्टू बसवले. त्याच्या खालच्या गावाने नाला सरळ केला, खोल केला. प्रत्येक काम आपापल्या जागी ठीक आहे, मोजमाप पुस्तिकेत नोंदले आहे, फोटो जिओटॅग झाला आहे. या सगळ्यांची बेरीज आमच्या तीन नळ्यांशी येऊन थांबते. ही बेरीज मांडू शकेल अशी जागा जिल्ह्यात एकच आहे, ती म्हणजे तुमचे टेबल.

आम्ही शेतकरीही काही धुतल्या तांदळाचे नाही. नाल्याच्या काठची करंजाची झाडे तोडून दोन तासे जास्त पेरणारे आमच्याच गावात आहेत. धुरे नांगरून बारीक केले ते आम्हीच. गाव नकाशावर नाल्याची रुंदी एक आणि प्रत्यक्ष वेगळीच.

मोठ्या प्रकल्पांचे म्हणाल, तर त्यांना निदान पर्यावरण परिणामांचा अभ्यास करावा लागतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तो सांगितला आहे आणि बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणीही. आमच्या तालुक्यात एका खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा मी गेले होते. मांडव, पंखे, मसालेभात. आधी पंचायत समितीत अहवाल पाहायला ठेवला होता, तो दोन दिवस बसून वाचला. हवा, पाणी, आवाज यांची मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारी अशी तीन महिने केलेली. नियमात बसते ते. पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते. पण खाणीचा मातीचा ढिगारा नाल्याच्या बाजूला येणार, नाला वळवणार, आणि मोजणी मात्र नाल्यात कोतवालाची सायकल उभी राहते त्या महिन्यांतली. मला मामाजींची आठवण झाली.

अर्जाच्या नमुन्यात, फॉर्म एकमध्ये, एक ओळ आहे. प्रकल्पाची जागा भूकंप, भूस्खलन, धूप, पूर किंवा तीव्र हवामानाच्या धोक्यात येते का, असे ती विचारते. म्हणजे कायद्याने जागा ठेवली आहे. मी वाचलेल्या प्रतीत तिथे भूकंपाचा कमी धोक्याचा पट्टा एवढेच उत्तर होते. पुराबद्दल अवाक्षर नाही. अहवालात पावसाचे आकडे होते, पण ते सरासरीचे: वर्षाला इतका, महिन्याला इतका. सरासरी पावसाने आजवर कोणाचा रपटा नेल्याचे मी ऐकलेले नाही. मी उठून विचारले की एका दिवसात दीडशे मिलिमीटर पडले तर वळवलेला नाला कुठून फुटेल, आणि फुटला तर कोणाच्या गटात जाईल. सल्लागार म्हणाले, ताई, योग्य ती काळजी घेतली जाईल. टाळ्याही झाल्या. कोणासाठी ते कळले नाही.

ती सुनावणी चालवतात जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी. आणि तुमच्या समितीचे सदस्य-सचिवही जिल्हाधिकारीच. म्हणून हे दोन विषय मी एका पत्रात आणले. एका टेबलावर विचारलेला प्रश्न दुसऱ्या टेबलावर पोचवायला टपालाचीसुद्धा गरज नाही. सुनावणीत नोंदलेल्या हरकतींचे उत्तर अंतिम अहवालात द्यावे लागते. तिथे जिल्हाधिकाऱ्यांनीच प्रत्येक वेळी हा प्रश्न कार्यवृत्तात घातला, तर सल्लागारांना पावसाळा मोजावा लागेल.

पण खरे सांगू का, आम्हाला बुडवणाऱ्या बहुतेक गोष्टींना पर्यावरण मंजुरी लागतच नाही. रपटा, गावरस्ता, पांधण रस्त्याचा भराव, सिमेंटची नाली, वीस हजार चौरस मीटरच्या आतले बांधकाम. यांतल्या एकालाही कोणी विचारत नाही की पाण्याचे काय. पांधण रस्त्यांचेच घ्या. शेतकऱ्याला हवेतच, मलाही हवेत. दोन-तीन फूट मातीचा भराव टाकून शिवारातून आडवा रस्ता गेला आणि खाली मोरी ठेवली नाही, की तो रस्ता राहत नाही, बांध होतो. वरच्याचे सोयाबीन सडते आणि खालच्याची विहीर भरत नाही. मग दोघांत धुऱ्याचे भांडण, तहसीलच्या चकरा आणि पाच वर्षे तारखा.

मोठ्या नद्यांना जलसंपदा विभाग पूररेषा आखतो, निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या. नाल्यांना रेषा नसते. ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असते: त्या पोळ्याला पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले होते, वगैरे. वर कुठे काय झाले यावर खालच्यांचे नशीब ठरते हे आपल्या विदर्भाने २०२० च्या ऑगस्टअखेरीस पाहिले आहे. पाऊस वर मध्य प्रदेशात झाला, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत वैनगंगा घरांत शिरली. नाल्याच्या पातळीवर हेच दरवर्षी होते, फक्त त्याची बातमी होत नाही.

माझी मागणी छोटी आहे. जमिनीला सातबारा असतो तसा प्रत्येक कामाला एक पाण्याचा उतारा जोडा. एक पान, त्याहून मोठे नको, नाहीतर त्याचेही टेंडर निघेल. त्यात लिहायचे की कामाच्या जागी पाणी किती हेक्टरांवरून येते आणि पुढे कोणत्या गट नंबरात जाते. तीन तासांत शंभर मिलिमीटर पडले तर हे काम तग धरेल का, आणि नाही धरले तर पाणी कोणत्या बाजूने फुटेल. शेवटचा मोठा पूर कुठपर्यंत आला होता, तेही गावातल्या दोन वयस्कर माणसांना जागेवर उभे करून विचारलेले, त्यांच्या नावानिशी. आणि मार्च-एप्रिलमध्ये या कामामुळे आसपासच्या विहिरीला पाणी राहील की तुटेल. कनिष्ठ अभियंत्याने आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो भरावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, खालच्या गावाला एक प्रत द्यावी. उतारा नसेल तर तुमच्या यादीत काम चढू नये. बस.

तयार माहितीही बरीच आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, आपल्या पोकराच्या, गावांमध्ये २०१८ पासून पाण्याचा ताळेबंद मांडला गेला: पाऊस किती, पिकांना किती लागते, वाहून किती जाते. तो मांडताना शिवारफेरी झाली, नकाशे झाले. पण ते कपाट कृषी विभागाचे आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दुसऱ्या कपाटात. दोन्ही कपाटांच्या किल्ल्या एकदा एकाच माणसाच्या हातात द्या.

पूर्व विदर्भातल्या लोकांना हे सांगण्याची गरज पडू नये. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोहळी लोकांनी बांधले ते पाणी कुठून येते आणि भरल्यावर कुठे जाते हे पाहूनच. एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात. आम्हा वऱ्हाडातल्यांना बेसाल्टची जमीन मिळाली, तिथे तसे तलाव धरत नाहीत. म्हणून आमच्याकडे धुरा, नाला आणि विहीर एवढाच संसार. तो सांभाळायचा तर हिशेब आणखी काटेकोर हवा.

उन्हाबद्दल थोडक्यात. गावात नवी अंगणवाडी, व्यायामशाळा, सभामंडप काही मंजूर करा, पण वर टिन टाकणार असाल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याखाली अर्धा तास बसून दाखवा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाणे आता बातमीही राहिलेली नाही. रस्ता रुंद करताना चिंच आणि कडुनिंब तोडून काठीएवढी रोपे लावायची आणि शासनाच्या माझी वसुंधरा अभियानात गुण मिळवायचे, यावर मी अधिक लिहीत नाही. लिहायला बसले तर भाषा बिघडेल.

पैसे नाहीत असे उत्तर येईल. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला आधीच बांधलेला असतो, म्हणजे पाण्यासाठी वेगळे मागत नाहीच. आमच्या रपट्याला तीन नळ्यांऐवजी पेटीची मोरी बांधली असती तर खर्च वाढला असता, खरे आहे. पण तोच रपटा दर तीन-चार वर्षांनी बांधायचा, त्यात शेतीची मदत, पंचनाम्याला फिरणारी माणसे आणि शाळेचे बुडालेले दिवस मिळवा, मग सांगा. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या प्रकरणात म्हटले आहे की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे. मी कोर्टात जाणारी बाई नाही. मला एक पानाचा उतारा पुरे.

शेवटचे आणि तातडीचे. वाहून गेलेल्या रपट्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार झाल्याचे कळले. मी जाऊन पाहिले. तीन नळ्या, तोच नऊशेचा व्यास, तीच जागा. जुने अंदाजपत्रक काढून दर तेवढे नवे घातले आहेत. ही ओळ तुमच्या पुढच्या बैठकीच्या यादीत असेल. तिच्यापुढे बरोबरची खूण करण्याआधी कोणीतरी जागा पाहायला यावे ही विनंती. मात्र ते येणे उन्हाळ्यात नको, आषाढात हवे. गाडी मुख्य रस्त्यावरच ठेवावी लागेल, पुढे पाऊण किलोमीटर चिखल आहे. गमबुटाचे दोन जोड घरी आहेत, सात आणि नऊ नंबरचे. मामाजी नाल्यापर्यंत येतील आणि पाणी कुठवर चढते ते काठीने दाखवतील.

आपली,
एक शेतकरी, माजी ग्रामपंचायत सदस्य